पुतळा मॉस्कोत उभा राहतो, वग दहाला बंद पडतो

एक ऑगस्ट उलटला. अण्णा भाऊ साठ्यांचे चौकाचौकातले फ्लेक्स आता उतरतायत. काही फाटले, काही कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून चढले. स्टेटस ठेवून झाले, हार घालून झाले, भाषणं झाली. प्रत्येक भाषणात तेच चार मुद्दे: दीड दिवसाची शाळा, पायी मुंबई, ‘फकिरा’, रशिया. मग टाळ्या. आता सगळं शांत झालंय, म्हणून भांडायला बसलोय.

भांडण असं आहे. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस एवढा मोठा कादंबरीकार झाला याचं आपण तोंड भरून कौतुक करतो. पण मग तो शिकला कुठं, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. जणू चमत्कारच झाला. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. अण्णा भाऊ गाण्याच्या शाळेत शिकले. आधी तमाशाच्या फडात ढोलकी-तुणतुण्याच्या शेजारी बसून, आणि पुढं मुंबईच्या कामगार वस्तीत डफाच्या साथीनं उभं राहून. ती शाळा आपण सगळ्यांनी मिळून बंद पाडत आणली आहे. वर्षातून एक दिवस विद्यार्थ्याला हार घालायचा आणि उरलेले दिवस शाळेला कुलूप लावायचं, हे ढोंग आहे. मला त्यावर बोलायचंय.

आधी बाहेरचं उदाहरण देतो, कारण आपल्याकडं बाहेरचा दाखला दिल्याशिवाय कुणी कान देत नाही.

२०१६ साली बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं. गिटार घेऊन गाणारा माणूस, लोकगीतांतून रॉककडं गेलेला. गाणं म्हणजे साहित्य का, यावर आपल्याकडंही चर्चा झडल्या आणि बऱ्याच जाणत्यांनी मान डोलावली. छान झालं. माझी काही तक्रार नाही. पण हीच जाणती मंडळी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांना नुसतं ‘कवी’ म्हणताना अडखळतात. लोककवी, भीमशाहीर, गीतकार असं काहीतरी पुढंमागं लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वामनदादांना अक्षरओळख मोठेपणी झाली, तीही मुंबईत पोटासाठी राबत असताना. त्यांची गाणी आजही वस्तीवस्तीत लोकांना तोंडपाठ आहेत. अमेरिकेतला गाणारा साहित्यिक आणि आपला गाणारा गाणारच, हा कुठला न्याय?

एखाद्या नव्या लेखकानं मुलाखतीत सांगावं की मी रॉक ऐकत वाढलो, लगेच तो आधुनिक ठरतो. दुसऱ्यानं सांगावं की मी यात्रेतले तमाशे बघत वाढलो, की समोरचा कौतुकानं हसतो, ‘अरे वा, मातीशी नाळ आहे’ म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. ते ‘अरे वा’ मला झोंबतं.

मी दोन्ही ऐकतो. रांजणगाव एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कंत्राटी काम करतो आणि उरलेल्या वेळात लिहितो. म्हणून रॉकमधली एक गोष्ट मला फार जवळची वाटते.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार वाजवायचा. नोकरी सोडून बँडबरोबर जायचं ठरलं होतं आणि कामाचा शेवटचा दिवस होता. नेहमीचं माणूस आलं नाही म्हणून त्याला दुसऱ्याच मशीनवर उभं केलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांच्या मते विषय संपला होता. कारखान्यातल्याच एका वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोनच बोटांवर गिटार वाजवणारा हा युरोपातला मोठा वादक. मग पोरानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढं बोटांना जोर कमी पडावा म्हणून तारा सैल केल्या. त्या सैल तारांमधून तो जड, खालचा, दणदणीत आवाज आला. १९७० साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम निघाला, आणि आज जगभर हेवी मेटल म्हणतात त्याची सुरुवात लोक तिथून धरतात. त्याच बँडचा गायक ऑझी ऑसबोर्न कधीकाळी कत्तलखान्यात कामाला होता. २०२५ च्या जुलैमध्ये तो वारला, तेव्हा ते सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं.

आता मला सांगा, नेहमीचा माणूस आला नाही म्हणून दुसऱ्याच मशीनवर उभं केलेलं पोरगं, ही गोष्ट बर्मिंगहॅमची आहे की आपल्या एमआयडीसीची? आमच्याकडं बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. फरक एवढाच, की त्या शहरात त्या पोराला बँड होता, वाजवायला पब होते, ऐकायला त्याच्यासारखीच कामावरून सुटलेली पोरं होती. आमच्या पोराला काय आहे? ठेकेदार, रजेचे पैसे कापलेली पगाराची पावती आणि मोबाइलवरची रील.

कामगार माणसाच्या लिहिण्याला पुस्तकाआधी गाणं का लागतं, हे ज्यानं बारा तासांची शिफ्ट केलेली नाही त्याला सांगावं लागतं. म्हणून सांगतो.

पहिलं कारण वेळेचं. पुस्तकाला उजेड लागतो, बसायला जागा लागते, शांतता लागते. दहा बाय दहाच्या खोलीत चारजण असतील तर यातलं काहीच मिळत नाही. गाणं मात्र कानात घेऊन फिरता येतं. हात पत्र्यावर असतो, डोक्यात चाल चालू असते आणि त्या चालीवर आपले शब्द बसत जातात. मशीनला स्वतःचा ठेका असतोच. तो रोज बारा तास अंगात मुरतो. लिहायला बसलं की वाक्य त्याच ठेक्यावर पडतं.

दुसरं कारण बांधणीचं. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग. वग म्हणजे गोष्ट: राजा, प्रधान, सावकार, कोतवाल, अन्याय, बंड. माणसं केव्हा आत आणायची, कुठं हसवायचं, कुठं ढोलकी थांबवून एकच वाक्य बोलायचं, हे सगळं त्यात शिकायला मिळतं. आणि परीक्षा तिथल्या तिथं होते. वग रटाळ झाला की पब्लिक उठून भज्याच्या गाडीकडं जातं. कुठल्या लेखन शिबिरात एवढा कडक परीक्षक मिळतो?

तिसरं कारण सगळ्यात मोठं. आपल्यासारखा माणूस, आपल्या जातीचा, आपल्या बोलीत बोलणारा, चार हजार माणसांसमोर ताठ उभा आहे आणि माणसं गप्प बसून ऐकतायत, हे पोरानं एकदा डोळ्यांनी बघितलं की त्याच्या मनातली भीती जाते. आपलं बोलणंही ऐकण्याजोगं आहे हे त्याला कळतं. शाळेत त्याला बहुतेकदा उलटंच कळलेलं असतं.

आता अण्णा भाऊंचं बघा. जन्म १९२० चा, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, मांगवाडा. मुंबईत हमाली, गिरणी, मिळेल ते काम. नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात ते होते. ती त्यांची पहिली इयत्ता. स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, तो चाळीसच्या दशकात गिरणी कामगारांसमोर गाजला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अमर शेखही कधी मोटारीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार. एका फळीवर उभे राहून ही माणसं दुष्काळ, सावकार, काळा बाजार यांवर गात होती. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा ठेवला आणि आतला ऐवज बदलला. गणात देवाऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्यांना वंदन आलं. गवळण गेली. वगात राजाऐवजी गिरणीमालक आणि पुढारी आले.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड तर सगळ्यांना माहीत आहे. पण ती नीट बघा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावाकडं राहिलेली बायको, हा आमच्या लाखो घरांचा रोजचा विरह. लावणी-छक्कडीचा जुनाच विषय. अण्णा भाऊंनी त्याच विरहात संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा बसवला. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्राबाहेर राहणं म्हणजे मैना गावावर राहणं. ज्याला भाषावार प्रांतरचनेचा अहवाल वाचता येत नव्हता त्या माणसाला ते एका गाण्यात कळलं. हे राजकीय भान तमाशाच्या साच्यातून आलं. साचा नसता तर हा विचार त्यांना सुचला असता, पण लोकांपर्यंत असा पोचला नसता.

आणि मग ‘फकिरा’. १९५९ ला आली, १९६१ ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती वाचताना मला प्रत्येक वेळी वग ऐकू येतो. नायकाचं येणं, थोडक्यात ठसठशीत संवाद, प्रसंग तापला की लगेच पुढचा प्रवेश, कुठंही पाल्हाळ नाही. समीक्षक त्याला कधी कधी नाटकीपणा म्हणतात. त्यांनी रात्रभर तंबूत बसून वग बघितला असता तर वेगळा शब्द सुचला असता.

नारायण सुर्व्यांनीही कवितासंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असं नाव दिलं, ते उगीच नाही. गिरणीत राबलेल्या, शाळेत शिपाई राहिलेल्या माणसाचं विद्यापीठ रस्त्यावर होतं. सुर्वे १९९५ ला परभणीत साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अण्णा भाऊंना आणि वामनदादांना ती खुर्ची कधीच मिळाली नाही. दोघांचाही गुन्हा एकच, ते गात होते.

आता कुलपाकडं येतो.

स्वातंत्र्य मिळालं आणि लगेचच, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलता. मग सुधारणा समिती बसली, वगाची संहिता आधी तपासून घ्या असं आलं. त्यात गिरणगावातले राजकीय वग आपसूक कात्रीत सापडले. अण्णा भाऊंनी ‘लोकनाट्य’ हे नाव घेऊन वाट काढली. म्हणजे ज्याचे आज पुतळे उभारतो, त्याच्या शाळेला आपल्याच सरकारनं पहिलं कुलूप लावलं.

दुसरं कुलूप आत्ताचं आहे आणि ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. हे १५ दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या, दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर यांत जवळपास संपतात. गावची यात्रा प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला. जिल्ह्याला एक तारीख देऊन ती कुणालाच लागू पडत नाही.

मग होतं काय? नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जाऊन गावकरी सुपारी देतात. फड गावात येतो. तंबू ठोकून, जेवणं उरकून, माणसं शेतातून येऊन बसेपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात. गण होतो, गवळण होते, दोन-चार गाणी होतात आणि दहा वाजतात. पोलीस गाडी उभी राहते. कापलं काय जातं? वग. तमाशातलं साहित्यच तेवढं कापलं जातं. गाणी उरतात, नाच उरतो. आणि मग हेच लोक म्हणतात की आजकाल तमाशात काही राहिलं नाही, नुसती सिनेमाची गाणी असतात. अहो, गोष्ट सांगायला रात्र लागते, तीच तुम्ही घेतलीत!

त्या नियमात आणखी एक बारीक गंमत आहे. बंद जागेला सूट आहे. सभागृह, बँक्वेट हॉल, कॉन्फरन्स रूम. आवाज आत राहत असेल तर दहानंतरही चालतं. म्हणजे शहरात एसी हॉल भाड्यानं घेऊन कुणी रात्री रॉक शो केला तर कायद्याची हरकत नाही. आमचा कापडाचा तंबू मात्र उघडी जागा ठरतो. ज्याला भिंत बांधायची ऐपत आहे, रात्र त्याची.

कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. म्हणून आधीच उत्तर देतो.

‘म्हणजे डीजेचं समर्थन करता का?’ अजिबात नाही. छातीत धडकी भरवणाऱ्या त्या भिंती दवाखान्यासमोर, म्हाताऱ्यांच्या दारात लागतात ते चुकीचंच आहे. आवाजाचा कायदा असलाच पाहिजे. पण डीजेची भिंत आणि ढोलकी-हलगीवर चाललेला वग यात फरक करता येत नसेल तर मग कायदा कशाला, कुलूपच लावा. आवाज मोजायचं यंत्र आहे ना? मोजा. मर्यादा घाला. गावापासून तंबू किती लांब हवा ते सांगा. वर्षातून एक रात्र द्या.

‘तमाशात बायांचं शोषण होतं, त्याचं काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. फडात नाचणाऱ्या बाईनं पिढ्यान्‌पिढ्या जातीचा आणि बाईपणाचा दुहेरी मार खाल्लाय. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, पण त्यांचे स्वतःचे शेवटचे दिवस कसे गेले ते महाराष्ट्राला माहीत आहे. यावर उपाय काय? कारखान्यात बोटं तुटतात म्हणून आपण कारखाना बंद करा म्हणत नाही, मशीनला सेन्सर लावा म्हणतो, विमा मागतो. फडातल्या कलावंत बायांनाही तेच हवंय: करार, विमा, पेन्शन, पोरांच्या शिक्षणाची सोय, आणि अंगावर हात टाकणाऱ्याला जेल. धंदा बंद पाडून त्यांचं कल्याण होत नाही, त्या फक्त आणखी वाईट ठिकाणी जातात.

‘आता जमाना बदलला, पोरं रॅप करतात.’ करू द्या की! मला तर त्यात वगाचाच नातू दिसतो. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये याच राज्यात दोन तरुण पोरांवर रॅप गाण्यावरून गुन्हे दाखल झाले. गाण्यात काय होतं? राजकारणाला शिव्या आणि जनतेचे हाल. अण्णा भाऊंच्या वगात तरी दुसरं काय होतं? त्या पोरांवर गुन्हा आणि अण्णा भाऊंना हार, हे एकाच हातानं कसं जमतं?

आमचं इनामगाव ज्यांना माहीत असेल त्यांना ते घोड नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडामुळं माहीत असतं. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं इथं खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं इथं उन्हात बसली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली: घरं, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट. आणि पुरलेली माणसं. मेलेल्याला घराच्या जमिनीखालीच पुरत, पण मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. का, तर त्यानं उठून परत चालू लागू नये, असं अभ्यासक सांगतात.

अण्णा भाऊंचं आपण हेच केलंय. घरात जागा दिली, मानानं ठेवलं. तिकीट काढलं, २०२२ साली मॉस्कोत पुतळाही उभा केला. फक्त पाय तोडले. त्यांचं गाणं, त्यांचा वग, त्यांचा डफ काढून घेतला आणि नुसता कादंबरीकार उरवला. आता ते उठून आमच्या यात्रेत येऊ शकत नाहीत.

म्हणून मागण्या साध्या लिहितो.

एक. प्रत्येक गावाला त्याच्या यात्रेची एक रात्र वगासाठी मिळावी, आवाजाची मर्यादा पाळून. नियमात ते कसं बसवायचं ते सरकारच्या वकिलांनी बघावं, पण सरकारनं आधी मागायला तरी सुरुवात करावी.

दोन. यात्रा कमिट्यांनो, हे तुमच्यासाठी. सुपारी देताना ‘वग कुठला?’ हे विचारा. वर्गणी आमची असते. सातला तंबू सुरू करा आणि पुढाऱ्यांचे सत्कार वगाच्या आधी घेऊ नका. अर्धी रात्र तिथंच जाते.

तीन. फडमालकांच्या ट्रंकांत वगाच्या जुन्या वह्या पडल्यात, वाळवी खातेय. आमच्या टेकाडातली खापरं जेवढ्या काळजीनं ब्रशनं साफ केली, तेवढ्याच काळजीनं या वह्या जमवा, छापा, गावच्या वाचनालयात ठेवा.

चार. जयंतीच्या खर्चातला थोडा भाग काढून नवा वग लिहून घ्या. विषय आमच्या एमआयडीसीत ढिगानं पडलेत. राजा ठेकेदार, प्रधान सुपरवायझर, कोतवालाची गाडी गेटवर उभी. सोंगाड्या तर आम्ही आहोतच.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी पोरं कानात काय काय ऐकतात. कुणी भीमगीतं, कुणी रॅप, एक जण तर नुसतं मेटल. त्यातला एखादा मोबाइलच्या नोट्समध्ये काहीतरी टिपत असतो, विचारलं की स्क्रीन लपवतो. त्याला साहित्याचे संस्कार द्यायची गरज नाही. त्याला एक रात्र, एक फळी आणि चारशे माणसं द्या. बाकीचं तो बघून घेईल.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी आपल्या गावच्या यात्रेत शेवटचा पूर्ण वग कुठल्या साली झाला, ते घरातल्या म्हाताऱ्याला विचारून लिहा.